बगळीच्या पंखातलं पाणी

आमच्या ग्लायडर क्लबच्या सचिवांच्या कॉलरमधून साठ लिटर पाणी आत गेलं. त्यातलं बरंचसं पँटच्या पायांतून बाहेर आलं, थोडं बुटांत राहिलं. हे घडलं.

आता हे घडलंच नाही असं धरून चला. क्लबची अधिकृत भूमिका तीच आहे आणि अधिकृत भूमिकेच्या विरोधात मी जात नाही. तेव्हा सचिव कोरडे आहेत. खडखडीत कोरडे. ते चालताना जो आवाज येतो तो त्या बुटांचा स्वभाव आहे.

तर, सुरुवात.

मी नळ विकते. बाथरूमच्या सामानाचं दुकान आहे, तिथे दिवसभर काउंटरमागे उभी असते. माणसं येतात, हातवारे करून सांगतात की असा, असा, वाकडा नळ हवा, आणि पाइपाचं माप विचारलं की माझ्याकडे असं बघतात जणू मी त्यांच्या लग्नाआधीच्या भानगडी विचारल्या. बुधवारी दुकान बंद असतं. बुधवारी आणि रविवारी मी उडते.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. दुसरं एक विमान त्याला दोरीने वर ओढत नेतं, दोरी सुटते, आणि पुढे आपण आणि आपली अक्कल. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढत असते. ती शोधायची, तिच्यात घिरट्या घालत उंची कमवायची आणि ती उंची खर्च करत पुढे सरकायचं. क्लबकडे एकट्याने उडवायचं एकच चांगलं ग्लायडर आहे. पांढरं शुभ्र, लांब मानेचं, आणि एकाच चाकावर उभं राहणारं. म्हणून त्याला सगळे बगळी म्हणतात.

तर या बगळीच्या पंखांत पाणी भरतात. एकेका पंखात साठ लिटर.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझी टर उडवतायत. विमान हलकं असावं अशी माझी आपली भाबडी समजूत. तेव्हा आत्याने मला समोर बसवलं. आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण, आणि क्लबची मुख्य प्रशिक्षक. बाबा तिच्याशी फोनवर बोलतानासुद्धा उभे राहतात.

"घसरगुंडीवरून आधी खाली कोण येईल," आत्याने विचारलं, "तू की तुझे आतोबा?"

"आतोबा."

"का?"

"वजन."

"ऐकू येतंय मला," आतल्या खोलीतून आतोबा म्हणाले.

"यावं म्हणूनच दार उघडं ठेवलंय," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "उतार तोच राहतो. पल्लाही साधारण तोच. फक्त वेग वाढतो. हवा जोरात वर चढत असली की जड ग्लायडर शर्यत मारतं. हवा मंदावली की पाणी सोडून हलकं व्हायचं. आणि उतरायच्या आधी तर सोडायचंच. कळलं?"

मला कळलं. मला इतकं कळलं की त्या रात्री मी स्वप्नात नळ विकताना भरधाव काउंटरवरून निघून गेले.

आता त्या रविवारची गोष्ट सांगायला हवी, कारण माझा सगळा जीव त्या रविवारात अडकला होता. येत्या रविवारी लांब पल्ल्याची शर्यत होती. वर्षातून एकदा होते. क्लबकडून एकच ग्लायडर जातं, बगळी, आणि ती दर वर्षी सचिव नेतात. सचिव दर वर्षी शेवटचे येतात. सातत्याच्या बाबतीत त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. या वर्षी आत्या म्हणाली होती की पाण्याच्या परीक्षेत पोरगी पास झाली तर बगळी पोरगी नेईल. पोरगी म्हणजे मी. नापास झाले तर सचिव, आणि मी पुढच्या वर्षीपर्यंत काउंटरमागे.

परीक्षेचे नियम सचिवांनीच केले होते. पंख पूर्ण भरून उडावे, जुन्या कारखान्याच्या धुराड्याला वळसा घालावा, रेडिओवरून हुकूम मिळताच पाणी सोडून परत फिरावे आणि पंखांत थेंबही न ठेवता उतरावे. सचिव बोलतातही असेच. खुर्चीत बसताना "मी आता बसत आहे" असं म्हणतात. कोणी विचारलेलं नसतं.

आत्याने मला तयार करायला घेतलं. तिच्या घरातल्या बोळातून दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन मला चालवायची. मध्येच मागून येऊन एक बादली रिकामी करायची.

"कशी चालतेयस?"

"वाकडी."

"पंखाचंही तसंच होतं. आता फरशी पूस."

भांडी घासतानाही सुटका नव्हती.

"पाणी सोडायचा दांडा ओढला आणि एकाच पंखाचा नळ उघडला. काय करशील?"

"दांडा लगेच बंद. दोन्ही पंख होतील तितके सारखे ठेवायचे."

"मग?"

"पाण्यासकट उतरायचं. वळणं रुंद घ्यायची, वेग वाढवायचा, लांब पट्टी धरायची."

"आणि वेग वाढवायला विसरलीस तर?"

"जड पंखांचा हवेतला आधार लवकर सुटतो. जास्त जड असलेला आधी पडतो."

"आणि?"

"आणि तू बाबांना फोन करतेस."

"मी नाही करणार. तुझे आतोबा करतील. मला रडणारी माणसं झेपत नाहीत."

तिचा आणखी एक नियम होता. रेडिओवर नाती नाहीत. जमिनीवर मी "ए कारटे", पण रेडिओवर "बगळी, तुम्ही". खाली रेडिओपाशी बसणाऱ्या स्वतःच्या नवऱ्यालाही ती रेडिओवर नुसतं "तळ" म्हणते. पहिल्यांदा तिने मला "तुम्ही डावीकडे वळा" म्हटलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं की आणखी कोण बसलंय. एकट्याच्या ग्लायडरात.

बुधवार उजाडला. ऊन असं कडक, आणि आकाशात कापसाचे छोटे छोटे बोळे ठेवल्यासारखे ढग. असे ढग म्हणजे खाली गरम हवेचा खांब उभा आहे हे नक्की.

मैदानावर सचिव आधीच हजर. घडीची खुर्ची, मोठी छत्री, आणि फिक्या रंगाची कडक इस्त्रीची पँट. तिची घडी इतकी धारदार की तिने पाव कापता आला असता.

"मी निरीक्षक म्हणून उपस्थित आहे," ते म्हणाले. "शुभेच्छा. अर्थात, अपयश ही यशाची पहिली पायरी असते."

"कोणाच्या यशाची?"

त्यांनी थोडा विचार केला. "या खेपेस माझ्या," ते म्हणाले. माणूस खोटं बोलत नाही. तेवढं आहे.

मी पाण्याचा दांडा दोनदा ओढून पाहिला. दोन्ही पंखांखालच्या नळांच्या चकत्या उघडल्या, मिटल्या. मग रबरी नळीने पाणी भरलं, डाव्यात जेवढं तेवढंच उजव्यात. आतोबांनी पंखाचं टोक धरून बगळीला सरळ उभं केलं आणि हळूच हात काढला. ती क्षणभर तशीच तोलून उभी राहिली. एका पायावर, ध्यान लावून.

"बघ," आतोबा म्हणाले, "माझ्यापेक्षा शहाणी आहे. इतकं पाणी पोटात असून हलत नाही."

आत्याने माझे पट्टे ओढून पाहिले, इतके की माझा आवाज बदलला. "पाणी सोडायच्या आधी काय करायचं?"

"खाली बघायचं. माणूस नाही, घर नाही, रस्ता नाही, दुसरं ग्लायडर नाही."

"जा," ती म्हणाली आणि काचेचं झाकण लावलं.

पुढचं ओढणारं विमान चालवणाऱ्याला सगळे ओढ्या म्हणतात. ओढ्याने इंजिन वाढवलं, दोरी ताठ झाली, आणि बगळी निघाली. निघाली म्हणजे, नेहमी ती टुणकन निघते, आज ती लग्नाच्या पंगतीतून उठणाऱ्या मामासारखी निघाली. वेग येईपर्यंत पंख सरळ धरायला कोणीतरी बाजूने पळावं लागतं. ते आतोबा. रिकामी बगळी असली की ते दहा पावलं पळतात आणि सोडतात. आज ते पळतच राहिले. पळतायत, पळतायत, तोंड लाल, पोट वेगळ्या तालात. शेवटी एकदाचा पंखांनी भार घेतला. मागे वळून पाहायची सोय नव्हती, पण ते गवतात आडवे झाले असणार हे मला न बघता कळलं.

आणि मग मी वर होते.

दोरी सोडली. ओढ्या खाली वळला. मी नाक किंचित खाली केलं, आणि अहो! काय सांगू! रिकामी बगळी वाऱ्याच्या प्रत्येक टपलीला "कोण आहे?" म्हणून दचकते. भरलेली बगळी कोणाला विचारत नाही. ती जाते. झाकणावरून हवेचा सूर चढत गेला, खालची शेतं भराभर मागे पळायला लागली, आणि हवेतले खड्डे एकेका हलक्या ठोक्यात संपत गेले. एका ढगाखाली मी वळले. घिरटी नेहमीपेक्षा मोठी घ्यावी लागली, वेगही जास्त, पण खांब मोठा होता, उंचीचा काटा सरसर वर. मी मोठ्याने गात होते. कुठलंही गाणं नव्हतं, नुसतेच आवाज होते. एकट्याच्या ग्लायडराचा हा मोठा फायदा आहे.

ढगाच्या पोटाखाली पोचले आणि धुराडं दिसलं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, उभं. मी नाक तिकडे केलं आणि सुटले.

अर्ध्याहून जास्त अंतर गेलं असेल, तेवढ्यात रेडिओ खरखरला. आत्याचा आवाज.

"...बगळी... खर्र... तुम्ही आता पाणी सोडा."

मी बुचकळ्यात पडले. अजून धुराड्याला वळसा कुठे घातलाय? पण आवाज आत्याचा, नाव बगळीचं, आणि वर "तुम्ही". हुकूम म्हणजे हुकूम.

"बगळी, ऐकलं. पाणी सोडते," मी म्हटलं. उत्तर नाही.

खाली पाहिलं. कापणी झालेली रिकामी शेतं, माणूस नाही, घर नाही, रस्ता लांब. आजूबाजूला कोणी नाही. दांडा ओढला.

डावीकडे मान वळवली. पंखाखालून पांढरी शुभ्र शेपटी निघाली होती, उन्हात चमकत, लांबच लांब. इतकी सुंदर की टाळ्या वाजवाव्यात. उजवीकडे मान वळवली. काही नाही. एक थेंब नाही. उजवा पंख पाइपाचं माप विचारलेल्या गिऱ्हाइकासारखा निर्विकार.

दांडा लगेच बंद. हात आधी पोचला, डोकं मागून आलं. डावीकडची शेपटी तुटली. बगळी उजवीकडे किंचित कलत होती. सुकाणूची दांडी थोडी डावीकडे धरून तिला सरळ ठेवलं.

मग पुन्हा रेडिओ. या वेळी सचिव.

"मी का म्हणून सोडू? इतकी वर्षं रविवारी बगळी मीच नेत आहे."

"म्हणूनच म्हणते," आत्या म्हणाली. "रविवारच्या बगळीवर तुम्ही आता पाणी सोडा. पोरगी नेईल."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे पाणी ते पाणी नव्हतंच! आपल्या भाषेत पाणी टाकीतूनही सोडतात आणि आशेवरही सोडतात. आत्या दुसरं सोडायला सांगत होती, तेही सचिवांना, आणि मी पहिलं सोडून मोकळी झाले होते. आणि सचिव काय, त्यांना जमिनीवरही "तुम्ही"च.

"तळ, बगळी बोलतेय. उजवा नळ अडकलाय," मी म्हटलं.

"तिचं वय काय, अनुभव काय?" सचिव म्हणाले. "नळ विकते ती."

"तळ, बगळी."

"मग पंखातले नळ कोणाला कळणार? तुम्हाला?" आत्या.

मला कोणी ऐकत नव्हतं. ऐकणार कसं? खालचं बटण दाबलेलं असेल तोवर खालचे नुसते बोलतात, त्यांना वरचं काही ऐकू येत नाही. आणि त्या भांडणामागे आणखी एक आवाज होता. कोणीतरी जिवाच्या आकांताने धापा टाकत होतं. धापांवरून मी आतोबांना ओळखलं. पळून पळून दमलेले आतोबा रेडिओजवळच्या खुर्चीत कोसळले होते, आणि त्यांचं कोपर माइकच्या बटणावर कोसळलं होतं.

म्हणजे आता मी एकटी, उजव्या पंखात साठ लिटर, डाव्यात त्याहून थोडं कमी, आणि सोबतीला माझ्याच लायकीबद्दलची चर्चा.

दांडा परत ओढला, सोडला. ओढला, सोडला. डावीकडून एकेक पिचकारी, उजवीकडे ढिम्म. नळ विकणारीचा नळ ऐकेना.

"आणि खरं सांगू का?" आत्या खाली म्हणत होती. "घाबरते ती."

अं? मी वर सरळ बसले.

"घाबरते म्हणून चांगली आहे. तुम्ही घाबरत नाही. म्हणून तर दर वर्षी तुम्हाला कोणाच्या तरी शेतातून ट्रेलरवर घालून आणावं लागतं."

"ती शेते पूर्वनियोजित होती," सचिव म्हणाले.

आता धुराडं. ते समोर उभं होतं. या वेगाने दोन मिनिटं, फार तर. बगळी कलत होती, पण हातात होती. वळसा घालून आले असते तर परीक्षेचं निम्मं काम फत्ते, रविवार हातात. खालच्यांना अडकलेल्या नळाचं काही कळलेलंही नव्हतं. धुराडं असं ऐटीत उभं, जणू सचिवांनी भाड्याने आणून उभं केलंय.

पण वळसा म्हणजे वळण. एका बाजूला जड असलेल्या बगळीला घेऊन, मैदानापासून आणखी लांब, आणि पुढे ढगही नव्हता. परत येताना उंची कमी पडली तर कोणाच्या तरी शेतात उतरायचं, पाण्यासकट, छोट्या तुकड्यात, बांधाच्या अलीकडे. आत्याचा बोळ आठवला. वाकडी चाल आठवली. फरशी पुसायला कोण असेल तिथे?

मी धुराड्यावर पाणी सोडलं. दुसऱ्या अर्थाने.

रुंद, सावकाश वळण घेतलं आणि मैदानाकडे नाक केलं. धुराडं मागे गेलं. ते जागचं हललंही नव्हतं, तरी त्यानेच मला नापास केल्यासारखं वाटलं. पण गंमत अशी की पुढच्या क्षणी मला काही वाटायला वेळच राहिला नाही. उंची भरपूर होती, आणि आता करायच्या कामांची रांग लागली होती. वेग नेहमीपेक्षा ताशी पंधरा किलोमीटर जास्त. वळणं उथळ. चाक बाहेर. पट्टे घट्ट. छातीत ढोल वाजत होता आणि हात मात्र दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे शांत. मला त्या हातांचा हेवा वाटला.

मैदान समोर आलं. लांब पट्टी मोकळी. रेडिओवर आतोबा ताजे होऊन बोलले.

"अगं बघ, पोरगी आली! केवढी सुसाट!"

"इतक्यात कशी?" आत्या. मग आवाज एकदम बदललेला. "पाणी आहे तिच्यात अजून. माइक द्या. अहो, माइक कुठाय? अहो, कोपर! कोपर उचला!"

खट्ट.

मग इतकी स्वच्छ शांतता की वाऱ्याचा सूरही मला ओळखू आला.

"बाळा," आत्या म्हणाली. रेडिओवर. बाळा. "कुठला पंख?"

"उजवा."

"वेग?"

"ठेवलाय आत्या."

"मग मी काही बोलत नाही. ये."

आले. शेवटच्या सरळ रेषेत जमीन अशी अंगावर धावून आली की एरवी मी नाक वर ओढलं असतं. नाही ओढलं. वेगाला हात लावला नाही. गवताच्या वर बगळीला धरून ठेवलं, धरून ठेवलं, आणि चाक टेकलं. मग ती पळत सुटली. रेडिओचं टेबल, छत्री, तीन उघडी तोंडं, सगळं बाजूने निघून गेलं. पंख सरळ, सरळ, अजून सरळ. ब्रेक हळूहळू. शेवटी ती थांबली आणि दमलेल्या माणसाने बाजाराची पिशवी खाली ठेवावी तसं उजव्या पंखाचं टोक तिने गवतावर ठेवलं.

मी झाकण उघडलं आणि हसत सुटले.

सगळ्यात आधी सचिव पोचले.

"पाणी सोडले की नाही?"

"उजवा नळ अडकला. साठ लिटर आत आहे अजून."

"असंभव." त्यांनी उजव्या पंखाखाली वाकून पाहिलं. "आत पाणी असते तर ठिबकले नसते का?"

"म्हणून तर त्याला अडकला म्हणतात."

"मी आता पाहणी करत आहे," असं म्हणून ते पाठीवर झोपले आणि पंखाखाली सरपटत आत गेले. त्या धारदार इस्त्रीसकट. खिशातून पेन काढलं.

"सचिव, नका हं," मी म्हटलं. "मी रोज नळ बघते. नळाकडे असं खालून बघायचं नसतं."

"मला नळांविषयी कोणी शिकवू नये." त्यांनी चकतीला पेनाने टोचलं. दोन थेंब पडले. "पहा," आतून विजयी आवाज आला, "दोन थेंब. एकूण."

टोक जमिनीवर टेकलेलं होतं, त्यामुळे पाणी सगळं टोकाकडे जमलं होतं, नळापासून लांब. हे मी सांगणार होते. पण तेवढ्यात आतोबा धावत आले, आणि मदत करणं हा त्यांचा जन्मजात दोष आहे. "थांबा, तुम्हाला अडचण होतेय," असं म्हणून त्यांनी पंखाचं टोक उचलून सरळ केलं.

पेनाच्या टोचण्याने चकती एव्हाना सुटलेली होती. पाणी आलं.

साठ लिटर वाहून जायला दोन-तीन मिनिटं लागतात. इस्त्रीच्या पँटमधल्या माणसाला पंखाखालून उलटं सरपटायला त्याहून थोडी जास्त. पाण्याचा पहिला लोट कॉलरमधून गेला. बाकीच्याचं मी सुरुवातीला सांगितलंय, आणि ते घडलेलं नाही.

आत्या आली. सचिव उभे राहिले. भुवयांवरून पाणी गळत होतं.

"अगं बाई," आत्या म्हणाली. "पाणी पडलं का तुमच्यावर?"

सचिवांनी कॉलर नीट केली. "माझ्यावर पाणी वगैरे काहीही पडलेले नाही. आणि तशी चर्चा क्लबमध्ये होऊ नये."

"नक्की?"

"अधिकृतपणे."

"बरं," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. "म्हणजे पंखात पाणी नव्हतंच. म्हणजे पोरीने थेंबही न ठेवता उतरवलं."

सचिवांनी पेन खिशात खुपसलं. "पण धुराड्याला वळसा—"

"हुकूम मिळताच परत फिरावे, हा नियम कोणाचा?"

"माझा. पण हुकूम कुठे—"

"'तुम्ही आता पाणी सोडा' असं मी रेडिओवर म्हटलं की नाही?"

"ते तुम्ही मला म्हटले होते!"

"मग तुम्ही सोडलंत का?"

आतोबा पंखाचं टोक धरून असे हसत होते की बगळी डोलायला लागली. सचिवांनी छत्रीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मी आता घरी जात आहे," ते म्हणाले आणि निघाले. बुटांच्या स्वभावाबद्दल मी काही म्हणणार नाही.

आत्या पंखाखाली बसली. मीही बसले. चकतीचं रबर उन्हाने मऊ होऊन कडेला चिकटलेलं होतं. बोटाला काळं लागलं.

"वॉशर गेलाय," मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या आनंदाने कधी म्हटलं नव्हतं.

"सचिवांचं तोंड बंद करायला नियम चालतात," आत्या हळूच म्हणाली. "मला तू सांग. वळलीस तेव्हा धुराडं किती लांब होतं?"

"दोन मिनिटं."

"गेली असतीस तर?"

"बहुतेक आले असते परत."

"बहुतेक," आत्या म्हणाली. तिने तो शब्द बोटावरच्या काळ्या रबरासारखा जरा वेळ पाहिला आणि गवताला पुसून टाकला. "रविवारी नवीन रबर घालून जा. भरताना नळ दोनदा बघायचा."

"दोनदाच बघितला होता."

"मग तीनदा बघ, कारटे."

"आणि मी घाबरते, असं कोणीतरी म्हणत होतं."

आत्याचा हात थांबला. "ते ऐकलंस तू?"

"सगळं. आतोबांच्या धापांसकट."

आत्याला उत्तर सुचलं नाही. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. बाबांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, असं कधी होत नाही, तुला भास झाला असेल. बसून बोलत होते, बहुधा.

तर आता बुधवारची संध्याकाळ आहे. दुकानाची चावी माझ्याकडे असते, त्यामुळे दुकान उघडून मी रबराच्या चकत्यांचा अख्खा खण काउंटरवर उपडा केलाय आणि त्यातली सगळ्यात देखणी निवडून खिशात ठेवलीय. दर पाच मिनिटांनी खिसा चाचपते. हवामानवाले म्हणतात रविवारी ऊन कडक, ढग उंच, हवा जोरात वर चढणार. बगळी भरायची, पार ढगांच्या पोटाखाली न्यायची आणि तिथून नाक खाली करून सुटायचं. रविवार माझा आहे. तो येणार आहे. फक्त मध्ये काहीतरी उगाच ठेवलंय.

सबब, दिनदर्शिकेचे काम पाहणाऱ्या खात्यास नम्र विनंती करण्यात येते की, गुरुवार, शुक्रवार व शनिवार हे दिवस या आठवड्यापुरते वगळण्यात येऊन आज सूर्यास्तानंतर थेट रविवार सुरू करण्यात यावा. वगळलेले दिवस पुढे एखाद्या ढगाळ, वारा पडलेल्या आठवड्यात सलग घेण्यास अर्जदार तयार आहे. मधल्या काळात शहरातील कोणाचाही नळ गळू नये, अशी व्यवस्था त्याच हुकमान्वये करण्यात यावी. हुकमाची प्रत रविवारी सकाळी मैदानावर मिळाली तरी चालेल.